माझ्या झिजेच्या मापाचा जोडीदार

मित्रांनो, पीठ फुगायला ठेवले आहे, फुगले की ते पुन्हा मळायचे; तेवढ्यात बोलून घेतो. एकदा यंत्र सुरू झाले की बोलायला दम उरत नाही. मी एक जुना गिअर आहे. एका बेकरीत पीठ मळायचे यंत्र आहे, त्याच्या मागच्या झाकणाआड मी राहतो. वितळलेले लोखंड साच्यात ओतून मला घडवले, तेव्हा पिठाची परात ज्या दांड्यावर फिरते तो दांडाही माझ्याच अंगाला जोडून ओतला. म्हणजे मला काढायचे तर अख्खे यंत्रच मोडीत घालावे लागेल. माझ्या विश्रांतीचे घोडे तिथेच अडले आहे.

माझा जोडीदार होता एक धाकटा गिअर, मोटारीवर बसवलेला. तो ढकलायचा, मी फिरायचो, माझ्यासोबत परात फिरायची. आमच्या दातांची वळणे शोभेची नसतात बरे का! एक दात सुटायच्या आत पुढच्याने भार उचलायचा, तोही धक्का न देता, एवढ्यासाठी ती असतात. बेकरीच्या मालकाला सगळे मामा म्हणतात. तरुणपणी तो रोज सकाळी तेल घालायचा, झाकणावर थाप मारून म्हणायचा, “चला गडी, लागा कामाला!” गिऱ्हाइके पावाची तारीफ करत. गिअरचे नाव कोण घेतो? पण ती थाप मला पुरत असे.

पुढे काम वाढले आणि तेलाचे “उद्या बघू” झाले. जुन्या ग्रीसमध्ये पिठाची भुकटी बसली, कचकच सुरू झाली. माझे दात झिजत गेले, कुठे जास्त, कुठे कमी. मी कुरकुरायचो, मामा रेडिओचा आवाज वाढवायचा. शेवटी एका सकाळी धाकट्याचे दात कडकड मोडले आणि तो गेला.

मामा हाताने पीठ मळू लागला. थोड्याच दिवसांत त्याचा उजवा खांदा इतका धरला की खुंटीवरचा पंचा काढायलाही डावा हात लागे. भाची भेटायला आली तेव्हा तो म्हणाला, “बेकरी बंद करतो गं आता. खांद्याने हात टेकले.”

ही भाची एका कारखान्यात संगणकावर यंत्रांच्या भागांच्या आकृत्या काढते. लहानपणी याच बेकरीत पिठाच्या पोत्यावर झोपलेली. ती म्हणाली, “थांब रे मामा, नवा गिअर करून आणते.”

पुस्तकात असते तसे अगदी बिनचूक वळण काढून तिने तो करवून आणला. चकचकीत, ताठ मानेचा. बटण दाबले आणि असा खडखडाट झाला की फळीवरचे डबे हलले. जिथे मी झिजून खोलगट झालो होतो, तिथे त्याची टोके रुतत होती. मामाने घाईने बटण बंद केले.

“हा म्हातारा कामातून गेलाय. भंगारवाल्याला बोलावतो.”

खरे सांगू? मला आनंद झाला. सुटलो एकदाचा! पण मामा खांदा चोळत रिकाम्या परातीकडे बघत बसला, आणि माझा आनंद मावळला.

भाची खाली वाकून मला बघत होती. “मामा, हा नवा होता तेव्हा कसा असेल, ते धरून मी जोडीदार काढला. आज कसा आहे, ते बघितलंच नाही. मला याचा ठसा हवा.”

मामाला हुरूप आला. त्याने पिठाचा गोळा घेऊन माझ्या दातांवर दाबला आणि जपून डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी भाचीने डबा उघडला, तर ठसा टम्म फुगलेला.

“मामा, यात यीस्ट होतं?”

“मग? बेकरीत काय सिमेंट मळतात?”

दोघे पोट धरून हसले. मग तिने मेणाने एकेका दाताचा ठसा घेतला.

पिठाच्या टेबलावर तिने संगणक उघडला. पडद्यावर एक कोरी, बिनदातांची चकती होती आणि शेजारी मी, झिजलेल्या प्रत्येक दातासकट. ती दोघांना केसभर फिरवी. माझा दात चकतीत जेवढा घुसे, तेवढा भाग चकतीतून वजा करी. पुन्हा केसभर फिरवणे, पुन्हा वजा करणे. माझे सगळे दात चकतीवरून फिरून गेल्यावर चकतीचे जे उरले, तेच नव्या धाकट्याचे दात.

“वेडेवाकडे दिसतात गं,” मामा म्हणाला.

“दिसू देत. याला चालले म्हणजे झालं.”

त्या आकृतीवरून घडवलेला तो आला, बसला, फिरला. मी खोलगट तिथे तो भरलेला, मी उंच तिथे तो दबलेला. खडखड नाही, धक्का नाही. जन्मभर मी दुसऱ्यांच्या मापाने फिरलो होतो. पहिल्यांदाच कोणी माझ्या मापाने घडून आले होते. मला भरून आले.

थकवा मात्र गेलेला नाही, मित्रांनो. विश्रांती हुकली ती हुकलीच. तुमच्या घरी, कारखान्यात माझ्यासारखे जुने काही असेल, तर वेळेवर तेल घाला. आणि ते अडखळू लागले तर मोडीत काढण्याआधी कुठे किती झिजले आहे, ते एकदा हात लावून बघा.

पीठ फुगलेले दिसते. मामा स्टुलावरून उठला आहे. हल्ली तो डाव्या हाताने तेल घालतो, थोडे सांडतो. मी थांबलो तर त्याचा खांदा जुंपला जाईल. म्हणून फिरतो.

आली बघा थाप झाकणावर. “चला म्हातारबा.”