गिअरशेजारचं टोपण

उमरग्याजवळच्या वस्तीवर तुळजाबाई भर दुपारी चहा पिता पिता एका अंगावर कलंडली. तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. मुलगा रणधीर पिकअप काढायला धावला. पण पिकअप आवारात आणि फाटकात त्याचीच नवी ऑटोमॅटिक गाडी उभी. आतला दिवा रात्रभर चालू राहून तिची बॅटरी बसलेली. गिअरचा दांडा 'पी'वरून, म्हणजे पार्किंगवरून, हलेना. शेजारच्या मळ्यातला गुंडप्पा आणि गडी मागून रेटत होते, पण चाकं जाम.

"हँडब्रेक काढला का?" गुंडप्पानं विचारलं.

"काढलाय की! गिअरच निघंना!"

रणधीरची बायको राजनंदिनी सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दांड्याशेजारच्या चौकोनी टोपणाखाली एक खाच असते, तिच्यात किल्ली दाबली की दांडा सुटतो, हे तिला ठाऊक होतं. गाडी आणायला गेले तेव्हा शोरूमच्या माणसानं दाखवलं होतं. रणधीर तेव्हा गाडीपुढं उभा राहून फोटो काढून घेत होता.

तिनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

गेल्या सुगीत तामलवाडीहून फोन आला होता, बापाला घरघर लागलीय म्हणून. तुळजाबाई म्हणाली होती, "आधी मजुरांच्या भाकरी थाप. तुझा बाप काय पळून जातोय व्हय?" राजनंदिनी माहेरी पोचली तेव्हा माणसं स्मशानातून येऊन अंघोळी करत होती.

"अँब्युलन्स लई लांब हाय म्हनतेत!" रणधीर फोन आपटत ओरडला. "उचला गाडी, काय बी करा!"

राजनंदिनी सासूची लाळ पुसत राहिली. तुळजाबाईनं डाव्या मुठीत तिचा पदर घट्ट धरला होता. ती मूठ सैल सुटली, तेव्हा राजनंदिनी उठली.

"सरका."

तिनं किल्लीनं टोपण उचकटलं, ब्रेकवर पाय दिला, खाचेत टोक दाबलं. दांडा 'एन'वर, न्यूट्रलला आला. गडी लोटायला लागले तशी गाडी मुकाट बाहेर गेली.

"जीव वाचला," डॉक्टर म्हणाले. "थोडं आधी आणलं असतं तर वाचाही वाचली असती."

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला रणधीर सांगायचा, "हिनं डोकं चालवलं म्हणून आई हाय." तुळजाबाई नुसती बघत पडून राहायची. ऐकू सगळं यायचं.

एका सकाळी पेज भरवताना राजनंदिनी तिच्या कानाशी वाकली. "आत्याबाई, ते टोपण मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

तुळजाबाईच्या घशातून घोगरा आवाज निघाला. डोळे वटारले गेले, डावा हात गादीवर आपटायला लागला.

"काय म्हनतीय आई?" ओसरीवरून रणधीरनं विचारलं.

"काय न्हाय. अजून मागत्यात," राजनंदिनी म्हणाली आणि तिनं पुढचा चमचा भरला.