निळे दार

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. जलरंगातले, तुमच्या दप्तराएवढे. माझ्यात एक नदी आहे, काठावर दहा-बारा घरे आहेत आणि त्यांतल्या एका घराचे दार निळे आहे. म्हणजे, होते. तेच तर सांगायचे आहे.

मला एका मोजणीदाराने रंगवले. तो नदीची मापे घ्यायला आला होता आणि दुपारी काम थांबले की दगडावर बसून कुंचला नदीतच बुडवायचा. कौलांना त्याने गेरू वापरला. तो मातीचा, चिवट. आकाश, पाणी आणि ते दार मात्र झाडापासून काढलेल्या निळीने रंगवले. तिला उजेड सोसत नाही, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होते.

पुढे नदीवर धरण झाले, गाव पाण्याखाली गेले आणि मी संग्रहालयात आले. तिथे माझ्यावर जाड पडदा लावला होता. बघणारा आला की पडदा वर, तो गेला की खाली. लोक वाखाणायचे, पुढे जायचे. पावसाळ्यात तर महिनामहिना कोणी फिरकत नसे.

मग दालनावर नवे राखणदार आले. सगळे त्यांना काका म्हणत. पहिल्याच दिवशी पडदा उचलून ते थबकले आणि झाडू मारणाऱ्या मावशींना म्हणाले, "हे माझं आजोळ. निळ्या दाराचं घर, आई सांगायची. मी जन्मायच्या आधीच बुडालं हो सगळं." त्या घराचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकांनी घरून कपडे वाळत घालायचा चिमटा आणला. सकाळी पडदा वर करून चिमटा लावला की संध्याकाळपर्यंत आजोळ त्यांच्या डोळ्यांसमोर. मोठी खिडकी माझ्या अगदी समोर होती. खोटे कशाला बोलू, मला आवडायचे. इतक्या मायेने मला कोणी बघितले नव्हते. पण दिवसेंदिवस माझी नीळ उडत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मला तर तोंडही नाही.

चार-पाच वर्षांनी काका माझ्यासमोर डोळे किलकिले करू लागले. दार फिकट दिसते म्हणून डॉक्टरांकडे गेले, चष्मा बदलला. तरी दार फिकटच. मावशींनी थट्टा केली, आता चष्मा नको, वयच बदलून आणा. काका हसले, काचा पुसल्या आणि पुन्हा बघत बसले. मी काय करणार होते?

एके दिवशी जुने कागद दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी मला चौकटीतून काढले आणि कडेची पुठ्ठ्याची पट्टी उचलली. पट्टीखाली बोटभर आकाश राहिले होते, पहिल्या दिवसासारखे निळेशार. काकांनी ती कड बघितली, मग मधले पांढुरके आकाश बघितले, मग दार शोधले. तिथे राखट चौकोन होता.

"म्हणजे माझे डोळे चांगलेच होते," काका म्हणाले.

बाईंनी विचारले, पडदा उघडा कोण ठेवायचे? काकांनी खिशातून चिमटा काढून टेबलावर ठेवला. "मीच. परत येईल का हो ते निळं?"

"नाही काका. उडालेला रंग येत नाही परत."

आता मी अंधाऱ्या खणात असते. वर्षातून एकदा मला बाहेर काढतात. मित्रांनो, त्या दिवशी तुम्हीही या, डोळे भरून बघा. फक्त बघून झाल्यावर मला आठवणीने झाका. मला ओरडता येत नाही, आणि माया करणाऱ्याला तर थांबवताच येत नाही.

काका निवृत्त झाले, पण त्या दिवशी येतात. गेल्या खेपेस थोरल्या बहिणीला घेऊन आले. ती बराच वेळ मला न्याहाळत राहिली. "आई म्हणायची ते निळं दार कुठाय रे?"

काकांनी कडेच्या बोटभर आकाशाकडे बोट दाखवले. "असं होतं, ताई."

ती अजून वाकून बघतच होती, तेवढ्यात काकांनी मला झाकले.