दाण्याएवढं टोक

गळ टाकणाऱ्या माणसाची घमेंड पाहायची असेल, तर पाण्यावर तरंगणाऱ्या त्याच्या दांडीकडे पाहावं. पुंजाजीची सगळी घमेंड तिथेच होती. मोरपिसाची दांडी, तिच्याखाली दोरीला दातांनी चावून बसवलेले शिशाचे छर्रे, आणि पाण्यावर उरलेलं ज्वारीच्या दाण्याएवढं टोक. त्याहून जास्त दिसलं तर तो त्याला मासे धरणं म्हणायलाच तयार नसे. साचलेल्या पाण्यातला मासा थंडीत आमिष नुसतं ओठात धरून पाहतो. छर्रे कमी पडले की दांडीची ओढ त्याला कळते आणि तो आमिष थुंकून देतो. पुंजाजीचं हे म्हणणं खरंच होतं. युनूस पिंजाऱ्याची दांडी मात्र बोटभर वर उभी राहायची. युनूसने बैल बांधायला तलावात खुंटा ठोकलाय, असं पुंजाजी साऱ्या गावाला सांगत फिरायचा.

छर्रे किती बसवायचे, ते घरच्या रांजणात ठरायचं. प्यायच्या पाण्यात कायले बुडवता, म्हणून त्याची बायको गोजराबाई कुरकुरायची, पण शेजारी बसून टोक किती उरलं तेही तीच सांगायची. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, आणि भांडायलाही दोघंच.

त्या हिवाळ्यात गोजराबाईने खाट धरली. मंगरूळच्या डॉक्टरने तिचं पोट दाबून पाहिलं आणि पुंजाजीला बाहेर नेऊन नुसती मान हलवली. दिलेली पेजही पोटात ठरेना. मग एका सकाळी ती आपणहून म्हणाली, तुमी धरलेल्या मरळीचा रस्सा प्यावा वाटते. पुंजाजीच्या जिवात जीव आला. मरळ खाईल तर ही जगेल, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर बांधलेला तलाव गावाला लागूनच होता. तिथे जाऊन त्याने गळ टाकला, आणि टोक काही दिसेना. डोळ्यांवर साय आली होती. ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. नुसत्या चकाकत्या पाण्याकडे तो पाहत राहिला, आणि गळ ओढला तेव्हा गांडूळ कधीच खाऊन झालं होतं.

मग लाज गिळून त्याने एक छर्रा काढला. दांडी उंच झाली, दिसली, हललीही. त्याने हिसका दिला तोवर मासा सोडून गेला होता. छर्रा परत चावून बसवला, तर पुन्हा पाणीच पाणी. रोज हेच. घरी गेला की गोजराबाई विचारायची, गवसली का? तो तलावाला शिव्या द्यायचा, मासे सरले म्हणायचा.

तिचं मनगट दिवसागणिक बारीक होत होतं आणि हा शहाणा छर्रे काढत-घालत बसला होता. असल्या माणसाचा संताप येतो. युनूस तिथेच, हाकेच्या अंतरावर बसलेला असायचा. फक्त तोंड उघडायचं होतं.

पुंजाजीने ते उघडलं तेव्हा गोजराबाईला कूस बदलणंही जमेनासं झालं होतं.

"युनूस, मले टोक दिसत नाही रे. तू पाह्य."

युनूस हसला नाही. आपली काठी ठेवून तो जवळ येऊन बसला. पुंजाजीने सगळे छर्रे बसवले. ऊन वर आलं तेव्हा युनूसने हलकेच त्याच्या मांडीला हात लावला आणि पुंजाजीने हिसका दिला. हातभर मरळ काठावर तडफडायला लागली. पुंजाजी तिथेच लहान पोरासारखा रडला.

रस्सा त्याने स्वतः रांधला आणि वाटी घेऊन तो खाटेशी बसला. गोजराबाईने वाटीला हात लावला नाही. आधी तिने विचारलं, छर्रे सारे बांधले होते का. तो म्हणाला, सारे.

"मंग टोक तुमाले सोताले दिसलं?"

त्याला वाटलं, युनूसचं नाव घेतलं तर ही रुसेल, घोटभरही पिणार नाही.

"दिसलं," तो म्हणाला. "चांगलं दिसलं."

तिने लांब श्वास सोडला.

"मले कुठी खायाचं होतं? तुमी दिवाळीपासून भिंत धरू धरू चालून राह्यले. मी गेल्यावर ह्या माणसाचं कसं होईन, ह्याच्यातच माहा जीव अटकला होता. दिसते म्हणता तं आता मी मोकळी."

पुंजाजीला सांगायचं होतं की नाही दिसत, काहीच दिसत नाही, तू थांब. तो तिच्या तोंडावर वाकला. तिने डोळे मिटले आहेत, की उघड्या डोळ्यांनी ती त्याच्याकडेच पाहते आहे, हे त्याला कळेना.