विलायती मुठीची सुरी

कोबी चिरता चिरता कान्झोचा हात थांबला. त्याने सुरी फळीवर आडवी ठेवली.

"हिचा तोल पुन्हा गेला."

चुलीपाशी सार ढवळणाऱ्या सेत्सूने मान वर केली. बाहेर नुकते कुठे दिवे लागत होते, कारखान्यातली माणसं जेवायला यायची वेळ झाली होती, आणि तिचा नवरा रोजचंच पालुपद आळवत होता. सकाळी हीच सुरी होती, हीच फळी होती, आणि हाच माणूस शीळ घालत केसाएवढा बारीक कोबी चिरत होता.

"सकाळी तर बरी होती ना हो?"

"सकाळी होती. आता मूठ जड लागतेय."

"दिवसभरात सुरी बाळसं धरते वाटतं!"

कान्झो हसला नाही. त्याने सुरी उचलली आणि हळूहळू, अवघडल्यासारखा चिरू लागला.

ओसाकात ट्रामच्या रस्त्यावर दोघांची खानावळ होती. ऑम्लेटात गुंडाळलेला भात, कोरोक्के म्हणजे बटाट्याचे तळलेले वडे, डुकराचं मांस आणि त्यावर ढीगभर कोबी. नोकर ठेवायची ऐपत आली तोवर सगळं दोघांनीच करायची सवय झाली होती, त्यामुळे स्वयंपाक त्याच्याकडे, सार, भांडी आणि गिऱ्हाइकं तिच्याकडे. ती सुरी खानावळ उघडली त्या वर्षीची. कार्बन पोलादाचं पातं, वापरून वापरून निळसर काळं पडलेलं, आणि लाकडाच्या दोन फळ्या खिळ्यांनी ठोकून केलेली विलायती मूठ. असलं पोलाद ओलं राहिलं की गंजायला बसलेलंच असतं. कान्झो चारदा चिरलं की ती पुसायचा. "बायकोचा वाढदिवस विसरेल, पण सुरी पुसायला विसरणार नाही," असं सेत्सू गिऱ्हाइकांना सांगायची, आणि त्यात तिळमात्र खोटं नव्हतं. स्टेनलेसच्या सुरीला तो चमचा म्हणायचा.

असा माणूस रोज संध्याकाळी म्हणतो की सुरी बदलली, याचा अर्थ काय?

अर्थ समोरच्या भाजीवाल्या हिसानो-सानने सांगितला होता, न विचारता. "माझ्या सासूबाईंचं अस्संच झालं, सेत्सू-सान. सकाळी अगदी शहाण्या. ऊन उतरलं की हे माझं घर नाही, ही माझी चप्पल नाही, सगळं सुरू. डॉक्टर म्हणाले, असंच सुरू होतं."

तेव्हापासून सेत्सूच्या जिवाला घोर लागला होता. नागोयाच्या लेकीने कधीच बजावून ठेवलं होतं, बाबांचं काही सुरू झालं की खानावळ बंद आणि तुम्ही दोघं माझ्याकडे. लेक बोलली की करणारी होती. तिच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत कान्झो खिडकीपाशी बसलाय, हातात काही नाही, हे चित्र सेत्सूला भात धुतानासुद्धा दिसायचं. म्हणून तिने लेकीपाशी ब्र काढला नाही आणि स्वतःच नवऱ्याची परीक्षा घ्यायला लागली.

"काल मांसवाला काय म्हणाला हो?"

"म्हणाला, तुझी बायको हल्ली फार चौकशा करते."

"नातवाच्या शाळेचं नाव काय?"

"तुला आठवत नाही का?" एवढं म्हणून तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघायचा, आणि मग नाव बिनचूक सांगायचा.

तेवढ्यापुरता तिचा जीव भांड्यात पडायचा. पण दिवे लागले की तो तोल पुन्हा जायचा, आणि मग तिचं कशात लक्ष लागायचं नाही. एकदा कांदे आणायला गेली तर हिसानो-सान म्हणाली, "अगं, सकाळी नेलेस ना पोतंभर?" एकदा सार इतकं खारट झालं की नेहमीच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, आज समुद्रच आणलात का? काळजीने माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, दुसरं काय.

सुट्टीच्या दिवशी कान्झोने सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली. "चल, साकाईला सुरीवाल्यांकडे जाऊन येऊ. नवी घ्यायची."

ट्राममध्ये ती पुडकं मांडीवर घेऊन बसली होती. जन्मभराची सुरी हा माणूस आपल्या हाताने टाकायला निघाला होता. आता दुकानदाराने सुरी हातात घेऊन म्हणू नये, "आजोबा, हिला तर काहीच झालं नाही," एवढंच ती देवाजवळ मागत होती. चारचौघांत त्याचं तोंड कसं होईल ते तिला बघवलं नसतं.

दुकानदार त्यांच्या लेकीच्या वयाचा होता. त्याने पुडकं सोडलं, पातं उजेडात धरलं, मग सांध्यापाशी, जिथे मूठ सुरू होते तिथे, नख घातलं. नख आत गेलं.

"मुठीत फट पडलीय, आजोबा. लाकूड पाणी पितंय. रात्रभर वाळते तेव्हा सकाळी हलकी लागत असेल, आणि संध्याकाळी मागे ओढत असेल. बरोबर?"

"बरोबर," कान्झो म्हणाला.

सेत्सूला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. म्हणजे हा माणूस ठणठणीत होता! खुळी सुरीच होती, आणि आपण मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो. घरी जाताना बाम माशाचं जेवण घ्यायचं, दोघांसाठी, चांगल्या दुकानातून, असं तिने तिथेच ठरवून टाकलं.

"पण ही पाण्यात ठेवतं कोण?" दुकानदाराने विचारलं.

"नळाचं पाणी उडतं," कान्झो घाईने म्हणाला.

"छे. उडालेल्या पाण्याने एवढं फुगत नाही. बुडून राहिलीय ही, रोज, बराच वेळ."

"तुम्ही नव्या दाखवा हो."

दुकानदाराने सुऱ्या मांडल्या. कान्झो एकेक उचलायचा, सांध्याखाली बोट धरायचा आणि वाट बघायचा. एक पुढे कलली. एक मागे. एकीची मूठ सुरेख होती, पण पातं मुकाट पडून राहायचं, हाताशी बोलायचं नाही. मग एक आली, कार्बन पोलादाची, अजून पांढरीशुभ्र, तशीच तीन खिळ्यांची विलायती मूठ. त्याने ती बोटावर ठेवली आणि ती राहिली. मुठीत धरून त्याने हवेतच कोबी चिरला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते सेत्सूने लग्नात पाहिलं होतं, आणि खानावळ उघडली त्या दिवशी.

"हीच," ती म्हणाली.

कान्झोने सुरी दोन्ही हातांनी खाली ठेवली. "स्टेनलेसच्या कुठे आहेत?"

"अहो! चमचे घेणार?"

"असू दे गं. म्हातारपणी चमचाच बरा." मग दुकानदाराकडे वळून, आवाज उतरवून, "मूठसुद्धा लाकडाची नको. पाण्यात राहिली तरी चालेल अशी द्या."

दुकानदार आत गेला. सेत्सू उभीच राहिली. स्वयंपाकघरात माणसं दोन. त्यातला एक सुरी पुसल्याशिवाय घोटभर पाणी पीत नाही.

"मी ठेवते?" तिने विचारलं.

कान्झो काचेतल्या सुऱ्या बघत होता.

"अहो, तुम्हाला विचारतेय. मी ठेवते?"

"दुपारी. ताटल्यांबरोबर टबात घालतेस. मला दिसली की काढून पुसतो."

"मग मला सांगायचं नाही का?"

त्याने जुनी सुरी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

"तोल गेला, तोल गेला म्हणून जप करण्यापेक्षा सरळ सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं, सेत्सू," तो म्हणाला. "दोनदा. दोन्ही वेळा तू म्हणालीस, बरं झालं सांगितलंत."

तिने आठवून पाहिलं. टब आठवला, साबण आठवला, दुपारचं ऊन आठवलं. त्याचं सांगणं कुठेच नव्हतं. मग कांदे आठवले, खारट सार आठवलं, आणि शाळेचं नाव विचारल्यावर तो आपल्याकडे का बघत राहायचा तेही कळलं. तिला भीती वाटली, अशी भीती तिला त्याच्यासाठीसुद्धा वाटली नव्हती. त्या चित्रात खिडकीपाशी बसवलेल्या माणसाच्या जागी आता ती स्वतः बसली होती.

"लेकीला बोललात?"

"वेडी आहेस का तू?"

दुकानदार स्टेनलेसच्या सुऱ्या घेऊन आला. सेत्सूने त्या हाताने बाजूला सारल्या आणि पांढरीशुभ्र कार्बनची सुरी पुढे ओढली.

"हीच द्या."

"सेत्सू..."

"तुम्ही गप्प बसा हो. जन्मभर चमच्यांना नावं ठेवलीत, आता माझ्यापायी चमचा धरणार? मला नाही बघवायचं."

"पात्यावर नाव कोरून देतो आम्ही," दुकानदार म्हणाला. "काय घालू? आजोबांचं नाव?"

"ते त्यांना ठाऊक आहे," सेत्सू म्हणाली. तिने पात्यावर बोट ठेवलं. "घाला, पाण्यात ठेवायची नाही."

दुकानदार खो खो हसला. अशी थट्टा त्याने दुकानात कधी ऐकली नव्हती. हसता हसता त्याने कान्झोकडे पाहिलं, आणि मग हसणं थांबवून छिन्नी उचलली.

"कुठल्या बाजूला?"

"दोन्ही," ती म्हणाली. "आणि अक्षरं मोठी काढा, बाळा. दुपारच्या घाईत मला दिसली पाहिजेत."