नावांचे दिवे आणि मी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि भिंतीवरचे एक गोल बटण डोळ्यांसमोर आणा. पंख्याच्या रेग्युलेटरसारखेच, पण वारा नव्हे, उजेड कमी-जास्त करणारे. ते बटण म्हणजे मी. मी एक जुना डिमर आहे. धरणगावजवळच्या एका लहानशा बुद्धविहारात राहतो.

मला बसवले तेव्हा छताला तारेचे पिवळे बल्ब होते. वंदनेनंतर ध्यानाला बसताना गावातल्या पार्वताबाई मला हळूच फिरवत आणि विहारात सांजेसारखा उजेड पसरे. माझी पद्धत साधी आहे. विजेच्या प्रत्येक लाटेचा एक तुकडा मी अडवून ठेवतो. तेवढ्या वेळात बल्बची तापलेली तार निवत नसे, म्हणून उजेड सलग दिसे. येणारे-जाणारे माझे कौतुक करत.

मग एलईडी दिवे आले. आमच्याकडे विहाराला दिवा द्यायचा तो कुणाच्या तरी स्मरणार्थ, खाली नावाची पट्टी लावून. प्रत्येक घराने आपल्या पसंतीचा दिवा आणला. तो मंद करता येतो का, हे कुणी विचारले नाही. श्रद्धेने दिलेल्या वस्तूबद्दल असे विचारणार तरी कोण?

त्यांत तापून राहणारी तार नाही, म्हणून तेव्हापासून मला फिरवले की दिवे थरथरतात. पार्वताबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. पूर्ण उजेड त्यांना टोचतो आणि थरथरत्या उजेडात भोवळ येते. पूर्वी वंदनेची सुरुवात त्याच करत; आता त्या बाहेर पायरीवर बसतात. त्यांचा आवाज आत पोचत नाही. मी भिंतीवरून नुसता बघत राहतो.

परवा वंदनेला आलेले झुलालभाऊ हसत म्हणाले, "नाना, विहारमा डिस्को लायेल शे का?"

विहाराची व्यवस्था पाहणारे मोतीलालनाना भडकले. "बठ्ठा दोष या बटननाच शे! आकाश, काढ आन फेकी दे."

आकाश वायरमन शिडीवरून म्हणाला, "नाना, नवा डिमर लावला तरी दिवे असेच नाचतील. हे दिवे मंद होणारे नाहीतच. आधी तसे दिवे घ्या, मग त्यांना जुळेल असा डिमर लावू."

"आन या दिवा काढू? कोना बापनं नाव उतारू, सांग!" नाना म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा नावांच्या पट्ट्यांकडे वळल्या. झुलालभाऊही छताकडे बघत राहिले.

मित्रांनो, मी काय बोलणार? मला तोंड नाही. तुम्हाला आहे. दिवा घेताना तो कुठे लागणार, कोणासाठी लागणार आणि कोणत्या डिमरवर चालेल, एवढे विचारत जा. विचारल्याने श्रद्धा कमी होत नाही.

तेवढ्यात पार्वताबाईंची नात सपना उठली. सहावीतली पोर. तिने दाराबाहेर पायरीकडे पाहिले. मग एक खुर्ची ओढत नेली ती थेट तिच्या वारलेल्या आजोबांच्या, तोतारामांच्या नावाच्या पट्टीखाली.

"आकाशदादा," ती म्हणाली, "पहिला आमच्या आबांचा काढा."