समास कापलेली वही

मित्रांनो, माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मी एक जुनी, चौकटींची वही आहे आणि खरं सांगायचं तर आता दमले आहे. पाठ उसवली आहे, कोपरे दुमडले आहेत. तरी ज्यांच्या हातात फोन आहे, त्या सगळ्यांना एकदा सांगून टाकावं म्हणते.

कारखान्यातून मी निघाले ती गणितासाठी. पण दुकानातून मला उचललं ते एका आत्याबाईंनी आणि त्यांचं गणित वेगळंच होतं. माझ्या एकेका चौकटीत त्या विणकामाचा एकेक टाका मांडायच्या. रिकामी चौकट म्हणजे सुलटा टाका, फुली म्हणजे उलटा. पानांची वेल बसवताना तर त्यांनी एकच पान सात वेळा खोडलं. तिथे माझा कागद अजून पातळ आहे. समासात मात्र त्या काहीबाही लिहून ठेवायच्या. 'धाकटीचा स्वेटर. मान घट्ट झाली, रडली. चार टाके वाढवले.' आणि खाली स्वतःची सही.

काय कौतुक होतं तेव्हा माझं! शेजारपाजारच्या बायका "बघू, बघू" म्हणत मला या हातातून त्या हातात फिरवायच्या. आत्याबाईंनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. त्यांचं नावच 'वहीवाल्या आत्या' पडलं.

मग धाकटी, म्हणजे त्यांची भाची, मोठी झाली. एक दिवस म्हणाली, "आत्या, तुझ्या नक्ष्या इंटरनेटवर टाकू या. कुठकुठल्या बायका विणतील!" तिने माझं एकेक पान स्कॅन केलं. समासातली गिचमिड काही तिला बरी दिसेना, म्हणून तिने स्कॅनमधून सगळे समास कापून टाकले. सहीसुद्धा त्यातच गेली. पोरीचा हेतू चांगला होता हो, पण हात जरा जास्तच चालला.

'वहीवाली आत्या' नावाचं पान सुरू झालं. बायका लिहायच्या, "आत्या, हा माझा पहिला स्वेटर!" आत्याबाई चष्मा लावून तेच ते पुन्हा पुन्हा वाचायच्या आणि दिवसभर खुशीत असायच्या. माझी मात्र गरज संपली. शिलाई मशीनचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली माझी रवानगी झाली. दोन वर्षं मी तिथे कंबर मोडून पडले होते.

आणि एका मोठ्या ऑनलाइन दुकानाने ती वेलीची नक्षी उचलली, खाली स्वतःचं नाव छापलं. वर तक्रारही ठोकली, की आत्याबाईंनीच आमची नक्षी चोरली. आता बोला! वेबसाइटने आत्याबाईंचं पान बंद केलं. चौदा दिवसांत उत्तर द्या, नाहीतर पान कायमचं जाईल, असं कळवलं.

आत्याबाईंनी दोन दिवस सुयांना हात लावला नाही. "जाऊ दे गं," म्हणाल्या. "या वयात चोर म्हणवून घेतलं, तेवढं पुरे झालं."

धाकटीने त्यांना अक्षरशः ओढत वकीलबाईंकडे नेलं. वकीलबाई म्हणाल्या, "नक्षी ज्याने काढली, त्याचा हक्क ती काढली त्या क्षणापासून असतो. कुठे नोंदवली नसली तरी असतो. पण दाखवायला मूळ कागद हवा. तो कुठे आहे?"

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन तिने मशीन उचललं, मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि तशीच वकीलबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"यावर तारीख नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"विणताना तारीख कोण घालतं हो?" आत्याबाई म्हणाल्या.

धाकटी मात्र वेलीच्या पानावरचा समास वाचत होती. मान घट्ट झाली म्हणून रडलेली पोर तीच! तिने शाळेतला पहिलीचा फोटो शोधून काढला. पुढच्या रांगेत ती, अंगात वेलीचा स्वेटर आणि समोर ठेवलेल्या पाटीवर साल लिहिलेलं. ते दुकान तर त्यानंतर पंधरा वर्षांनी उघडलेलं. "आत्या, तुझं नाव मीच कापलं गं," म्हणत ती ढसाढसा रडली.

माझी पानं आणि तो फोटो जोडून वकीलबाईंनी उत्तर पाठवलं आणि पान परत सुरू झालं. साधी माफीसुद्धा कोणी मागितली नाही. नक्षी तोवर हजारो फोनांत पोचली होती, तीही त्या दुकानाच्याच नावाने.

परवा आत्याबाई मला पिशवीत घालून लोकर आणायला गेल्या. तिथे एक बाई फोनवर तीच वेल बघत बसली होती. एक ओळ तिला काही केल्या जमेना. आत्याबाईंना ते बघवेना. त्यांनी मला उघडलं आणि तिला टाके समजावले. स्वतःबद्दल चकार शब्द नाही.

"अय्या, ही तर मूळ वही दिसते!" असं म्हणत बाईने फोटो काढायला फोन उचललासुद्धा.

आत्याबाईंनी माझ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत कोणाला अडवलं ते पहिल्यांदाच.

"आधी विचारा," त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता, पण हात हलला नाही.

बाई ओशाळली. "चुकलंच माझं. काढू का फोटो? आणि खाली नाव कोणाचं लिहू?"

आत्याबाईंनी हात बाजूला घेतला आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. बाईने ते नीट विचारून विचारून लिहून घेतलं.

मित्रांनो, तुम्हीही एवढंच करा. एखादी गोष्ट आवडली, तर उचलण्याआधी ती कोणाची ते विचारा. त्या बाईला विचारायला क्षणभर लागला. आणि आत्याबाई घरी जाताना, किती दिवसांनी, गुणगुणत होत्या.