मधले दोन दिवस

मॅनेजर मकांडावीरेंनी फोन टेबलावर उताणा ठेवला आणि आवाज मोठा केला. ते खुर्चीत होते. न्यालोंग्वे उभी होती. लॉजच्या चादरी धुणाऱ्या बाईनं मॅनेजरसमोर बसू नये असा काही नियम नव्हता, पण अकरा वर्षांत ती कधी बसली नव्हती. खाली तळ्याचं पाणी दगडांवर आपटत होतं आणि वाळत घातलेल्या बारक्या मासळीचा वास व्हरांड्यापर्यंत येत होता.

फोनमध्ये मारिटची आई होती. नॉर्वेहून. लॉजवर उतरलेली तिची मुलगी, मारिट, परवा, गुरुवारी दुपारी तापानं गेली.

"आई, इंग्रजीत मी बोलतो," मकांडावीरे फोनवर तळवा ठेवून न्यालोंग्वेला म्हणाले. "तुम्हाला काही विचारलंच तर आपल्या भाषेत सांगा, पुढे मी सांगेन. आणि थोडक्यात. दुःखातल्या माणसाला फार ऐकवू नये."

"किती ऐकवायचं त्याचं माप तुम्ही कुठून आणलंत, दादा?"

मकांडावीरेंनी तळवा उचलला.

विचारलं ते : मारिट कधी आजारी पडली?

सांगितलं ते : "सोमवारी. अगदी अचानक. आम्ही तिला लगेच दवाखान्यात नेलं."

झालं ते :

तीन आठवड्यांपूर्वी ती पोरगी पाठीवर अर्धीच पिशवी घेऊन लॉजची पायवाट उतरली. अर्धीच, कारण सीमेजवळच्या बसस्थानकावर ती उभ्या उभ्या पेंगत असताना कुणीतरी पिशवीची खालची बाजू पात्यानं कापली होती. तिथून कपडे गेले, मलेरियाच्या गोळ्या गेल्या आणि एक बूटही गेला.

"एकच बूट!" मारिट हातवारे करून सांगत होती आणि स्वतःच हसत होती. "त्या चोराला पाय एकच असेल!"

न्यालोंग्वेनं तिला आपल्या रबरी चपला दिल्या. मारिटच्या टाचा मागे दोन बोटं बाहेर यायच्या.

"गोळ्या?" न्यालोंग्वेनं विचारलं होतं.

"गावात गेले की घेईन."

गाव चढावर होतं, तळं समोर होतं. गोळ्या राहिल्या.

पहिल्या सकाळी न्यालोंग्वेनं तिला रीतीप्रमाणे विचारलं, बरं आहे का? मारिट म्हणाली, नाही, पाय दुखतो, रात्री डास होते. न्यालोंग्वेला हसू आवरेना. तिनं पोरीला ओट्यावर बसवलं आणि शिकवलं.

"असं दारातच नाही सांगायचं गं. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, मी बरी आहे, तुमचं कसं? मग आत यायचं. खाली बसायचं. मग समोरचा परत विचारतो. तेव्हा सांगायचं काय दुखतंय ते."

"आणि परत नाही विचारलं तर?"

"कोण नाही विचारणार? माणसंच आहोत ना आपण!"

मारिट तेवढं एक वाक्य रोज घोकायची. कपडे वाळत घालताना, तळ्यात पोहताना, रखवालदाराला, कोंबड्यांनासुद्धा. मी बरी आहे, तुमचं कसं?

विचारलं ते : ती एकटी होती का?

मकांडावीरेंचं उत्तर ओठावर होतं, पण फोनमधली बाई म्हणाली, हे मला त्या बाईकडून ऐकायचंय. जिनं तिला चपला दिल्या. मारिटनं घरी लिहिलं होतं तिच्याबद्दल.

न्यालोंग्वेनं खांद्यावरचा कपडा सारखा केला आणि बोलायला लागली. आपल्या भाषेत, सावकाश, काही न गाळता.

पलीकडच्या किनाऱ्यावर गावप्रमुखाची म्हातारी आई गेली. गेल्या शनिवारी सकाळी ट्रक आला. मयताला जायचं की नाही हा प्रश्न इथे पडत नाही. चूल विझवतात आणि निघतात. बायका मेलेल्याच्या घरात जमिनीवर निजतात, माती होईपर्यंत. जो जात नाही, त्याच्या दारात उद्या चार खांदेकरीही येत नाहीत. स्वयंपाकी गेला, झाडूवाली गेली, होडीवाला गेला, मकांडावीरे नवा कोट घालून ड्रायव्हरशेजारी बसले. लॉजवर एकच पाहुणी होती आणि ती उठली नव्हती.

न्यालोंग्वे धावत तिच्या खिडकीशी गेली. मच्छरदाणीत मारिट भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मारिट, बरं आहे का?"

आतून जरा वेळानं आवाज आला. उच्चार असा स्वच्छ, की जणू इथेच जन्मलेली. "मी बरी आहे. तुमचं कसं?"

न्यालोंग्वेला काय आनंद झाला! ट्रकचा हॉर्न वाजला. "आले की बसून बोलू," ती ओरडली. थर्मासभर पाणी आणि झाकलेली पेज तिनं दाराशी ठेवली, आणि पळाली.

ती आत गेली नाही. बसली नाही. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शनिवार, रविवार. फाटकाशी म्हातारा रखवालदार होता, रस्त्याकडे तोंड करून. दोनदा त्यानं दाराला कान लावला. "झोपली होती," तो नंतर म्हणाला, "आणि गोऱ्या लोकांना उठवलेलं खपत नाही."

सोमवारी दुपारी न्यालोंग्वे मयताघरची दोन केळी कपड्यात बांधून परत आली. पेजेवर मुंग्या होत्या. आत मारिट जमिनीवर होती. दारापासून हातभर अंतरावर. रबरी चपला मात्र उंबऱ्याशी जोडीनं, नीट, बाहेर जायला तयार अशा लावलेल्या.

न्यालोंग्वे थांबली. हे सगळं सांगायला तिला बराच वेळ लागला होता. मकांडावीरेंनी घसा साफ केला.

सांगितलं ते : "ती म्हणते, मुळीच एकटी नव्हती. लॉजवर माणूस होतं."

न्यालोंग्वेला इंग्रजी बोलायला जड जायचं, ऐकायला नाही. अकरा वर्षं पाहुण्यांच्या चादरी बदलताना कान शिकले होते.

"दादा, मी एवढा हंडाभर बोलले. तुम्ही तिकडे वाटीभरच ओतलंत."

त्यांनी झटकन फोन झाकला. "मग काय सांगू? लॉज सोडून सगळे गेलो होतो म्हणून? हे तिकडच्या पेपरात येईल. उद्या इथे कुत्रंसुद्धा राहायला येणार नाही. तुम्ही, मी, स्वयंपाकी, सगळ्यांची चूल बंद. आणि तिला कळून काय होणार? पोर परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग?"

न्यालोंग्वे एक पाऊल टेबलाजवळ आली.

तिचं काय झालं होतं ते मकांडावीरेंना माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. सात वर्षांपूर्वी तिचा मुलगा वेझी जोहान्सबर्गला खाणीत कामाला गेला तो तिथेच राहिला. तिथून गावच्याच एका माणसाचा फोन आला होता. एका रात्रीचं दुखणं, आई. झोपेत गेला. त्रास नाही झाला. आम्ही सगळे जवळ होतो. मग वेझीची ट्रंक आली. तळाशी क्षयाच्या दवाखान्याचं कार्ड होतं, त्यावर तारखा. चार महिन्यांच्या तारखा. त्यांतल्या शेवटच्या पाचांसमोर शिक्का नव्हता. तो तिथपर्यंत गेला नव्हता, की जाऊ शकला नव्हता, की कुणी नेलं नव्हतं? एका रात्रीसाठी ती रडून मोकळी झाली असती. चार महिन्यांसाठी कसं रडायचं तेच तिला कळलं नाही. अजून कळलेलं नव्हतं.

"हात काढा, दादा."

"आई, ऐका माझं..."

"तुम्ही नवा कोट घातला होता. मी केळी आणली. पोरीचे दोन दिवस आपण घेतलेत. ते तिच्या आईचे आहेत. हात काढा."

मकांडावीरेंनी हात काढला. मग ते उठले आणि कठड्याशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

न्यालोंग्वे फोनवर वाकली. इंग्रजीत तिला जेवढे शब्द यायचे तेवढे तिनं एकेक करून ठेवले.

"मॅडम. दोन दिवस. मारिट एकटी. आम्ही मयताला. मी विचारलं, बरं आहे का. ती म्हणाली, बरी आहे. मी शिकवलं होतं तसं म्हणायला. मी आत गेले नाही."

फोन बंद पडला की काय म्हणून तिनं बोट लावून पाहिलं.

मग त्या बाईनं विचारलं, आणि पुढे?

पुढचंही तिनं तसंच, तुटक शब्दांत सांगितलं. सरकारी दवाखान्यात नर्सनं आधी हेच विचारलं, हिच्यासोबतचं माणूस कोण? पेशंटला धुवायला, भरवायला, कूस बदलायला घरचं माणूस लागतं. ते नसेल तर खाटेवरचा माणूस नुसता पडून राहतो. न्यालोंग्वे म्हणाली, मी. मलेरियाचा ताप मेंदूत गेला होता. तीन दिवस ती खाटेखाली चटईवर निजली. मारिटचे केस तिनं विंचरले, गुंता फार होता. गुरुवारी दुपारी हात हातात होता, तो जड झाला. डोळे तिनं मिटवले. झग्यावरून कमरेला गुंडाळलेला कपडा सोडून तिच्यावर घातला, निळ्या माशांच्या छापाचा.

"निळ्या माशांचा," ती बाई म्हणाली.

"हो."

होडी किनाऱ्याला लागल्याचा आवाज आला. मकांडावीरेंनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं, पण मागे वळले नाहीत.

"थँक यू," बाई म्हणाली. आता ती फोन ठेवणार होती. आवाज कसा घडी घातलेल्या चादरीसारखा होता.

"मॅडम," न्यालोंग्वे घाईनं म्हणाली, "तुम्ही बऱ्या आहात का?"

"हो. मी बरी आहे, थँक यू."

न्यालोंग्वेनं मॅनेजरची खुर्ची ओढली. ती अंग सावरून नीट टेकून बसली. दोन्ही कोपरं टेबलावर ठेवून फोन जवळ घेतला, आणि परत विचारलं.